कमळाच्या देठातला धागा

मराठीच्या प्राध्यापकाने सूक्ष्मदर्शकात डोळा घालावा आणि वर त्यावर लेख लिहावा, हे काही वाचकांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. त्यांचा राग मला मान्य आहे. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकनंतर तुटला आणि तो तुटला याचे मला त्या वेळी फार बरे वाटले होते. परंतु गेल्या वर्षी एका मुलीने वर्गात एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने मला भाटघरच्या धरणाच्या काठापर्यंत ओढून नेले.

श्रावणातली गोष्ट. पंडिती वळणाच्या कवितेचा तास चालला होता. 'मृणालतंतू' हा शब्द आला आणि गेली अठरा वर्षे जी टीप मी देत आलो आहे ती मी पाठ म्हटल्यासारखी दिली: 'कमळाच्या देठातील अतिसूक्ष्म धागा, नाजूकपणा दाखविण्यासाठी उपमा.' आमच्या जुन्या कवींनी या धाग्याचा फार उपयोग केला आहे. हंस मृणाल खातात, विरहिणी अंगाचा दाह शमविण्यासाठी मृणाल जवळ बाळगते, कालिदासाच्या शकुंतलेच्या हातात तर मृणालाचे कंकणच आहे. एवढे सांगून मी पुढच्या ओळीकडे वळणार, तोच तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली.

"सर, तो धागा देठात कशाचा असतो?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मला येत नव्हते. येत नाही असे म्हणण्याऐवजी मी म्हणालो, "सालीचा. केळीच्या सोपाचा जसा दोर निघतो ना, तसाच."

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही सर, साल काढली तं बी निघते तो."

ही मुलगी भंडाऱ्याकडची. तिकडे मालगुजारांच्या वेळचे मोठमोठे तलाव आहेत आणि त्यांत कमळे आहेत, शिंगाडे आहेत. तिने देठ मोडून पाहिलेला होता. मी फक्त कोश पाहिला होता. पण वर्गाने तिचे म्हणणे ऐकलेच नाही. वर्गाने ऐकले ते 'तं बी'. पुढच्या बाकांवरून हसण्याची एक लाट मागपर्यंत गेली, आणि ती लाट थांबविणे ज्याचे काम होते तो मीही किंचित हसलो. "बरं, हा मराठीचा तास आहे, शेतकीचा नव्हे," एवढे बोलून मी पुस्तकात तोंड खुपसले. ती मुलगी बसली. त्या दिवसापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. हजेरी मात्र रोज देत होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मंडईजवळच्या फुलवाल्याकडून पाच कमळे आणली. आमच्या सौभाग्यवतीने पाटावर मांडण्यासाठी त्यांचे देठ कापले आणि टाकायला म्हणून माझ्या हातात दिले. दारात उभ्या उभ्या मी एक देठ सहज मोडला. मोडला, पण सुटला नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे ताणले गेले. हात दूर नेला तसे ते लांबत गेले, आणि पणतीच्या उजेडात दिसेनासे होईपर्यंत तुटले नाहीत. मग मी नखाने दुसऱ्या देठाची साल सोलली. अगदी निगुतीने, हिरवा कण राहू दिला नाही. देठ मोडला. धागे तसेच निघाले.

पूजेत माझे लक्ष नव्हते, हे घरातल्या सर्वांच्या ध्यानात आले. कारण मात्र मी कुणाला सांगितले नाही. उरलेले देठ मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, कारण दोनच दिवसांनी भाऊबीज होती आणि भाऊबीजेला मी ताईकडे भाटघरला जातो. ताईचे यजमान, आमचे दाजी, एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याजवळ एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. खाली आरसा आहे, तो उन्हाकडे वळवायचा आणि काम सुरू करायचे. विजेची वाट पाहावी लागत नाही.

स्वारगेटहून भोरची एस. टी. धरावी, कात्रज आणि खेड-शिवापूर मागे टाकावे, कापूरव्होळला सातारा रस्ता सोडून आत वळावे, की भोर येण्यापूर्वीच भाटघर लागते. वेळवंडी नदी नीरेला मिळते त्याच्या थोडे वर हे धरण आहे. पूर्वी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे लहान धरण होते. त्याच्या जागी हे मोठे दगडी धरण उभे राहिले आणि 1928 साली पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला होते. आता या जलाशयाला शिवरायांचे जिवलग येसाजी कंक यांचे नाव आहे. खालच्या बारामती-फलटणकडच्या उसाला नीरेच्या कालव्यांतून जाते त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. दिवाळीत जलाशय काठोकाठ असतो. उन्हाळ्यात पाणी इतके उतरते की वेळवंड खोऱ्यातले कांबरेश्वराचे बुडालेले देऊळ वर येते आणि लोक त्याच्या दर्शनाला जातात.

"कमळं इथं का नाहीत, ते आता कळलं?" दाजी म्हणाले. "वर्षाला इतकं चढणारं-उतरणारं पाणी कमळाला मानवत नाही. त्याला गावतळ्याचं संथ पाणी आणि वर्षानुवर्षांचा चिखल हवा. तू देठ पुण्याहून आणलेस ते बरं केलंस, प्रोफेसर."

ओवाळून झाले, करंज्या झाल्या आणि आम्ही ओसरीवर बसलो. दाजींनी दाढीचे नवे पाते काढले, देठाचा तुकडा डाव्या हाताच्या चिमटीत धरला आणि आपण काकडीच्या चकत्या करतो तशा, पण कागदाहून पातळ, चकत्या पाण्याच्या बशीत पाडल्या. त्यांतली सर्वांत पातळ चकती त्यांनी कुंचल्याच्या टोकाने उचलली. सॅफ्रॅनिन नावाच्या लाल रंगात थोडा वेळ बुडवली, धुतली, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवली आणि वर पातळ काच टाकली. हे सर्व करताना त्यांची बोटे एकदाही थरथरली नाहीत. दाजी सत्तरी ओलांडून गेले आहेत.

मी डोळा लावला. प्रथम स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग एकदम एक वर्तुळ उजळले.

त्यात बहुतेक सारी भोकेच होती! मधोमध मोठी, भोवती लहान, आणि त्यांच्यामध्ये पेशींच्या नाजूक भिंती. जणू एखाद्या कसबी बाईने ठिपक्यांची रांगोळी काढली आणि ठिपके पुसून रेषा तेवढ्या ठेवल्या. घन म्हणावे असे त्या देठात फार थोडे. आणि या फिक्या नक्षीत इथे-तिथे विखुरलेली लहान लहान लाल वर्तुळे.

"भोकं आहेत त्या हवेच्या नळ्या," दाजी सांगू लागले. "चिखलात हवा नसते. कमळाचं खरं खोड त्या चिखलात आडवं पडलेलं असतं. तुम्ही कमळकाकडी म्हणून खाता ना, ते खोड. हा नुसता फुलाचा देठ. खोडाला आणि मुळांना प्राणवायू पोचायचा तो या नळ्यांतून. आणि ती लाल वर्तुळं म्हणजे पाण्याच्या वाहिन्या. त्यांच्या भिंतीत लाकडाचा अंश असतो, तो हा रंग धरतो. तुझा धागा त्या लाल वर्तुळात आहे."

मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला, दोन टोके हलकेच दूर केली आणि मधले धागे तसेच ताणलेले काचपट्टीवर उतरवून घेतले. मी पुन्हा डोळा लावला, आणि काय सांगू, तो धागा सरळ नव्हताच! ती वेटोळी होती. जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरला जशी वेटोळ्यांची वायर असे, तशी; पण एक नव्हे, तर पाच-सात तारा शेजारी शेजारी ठेवून एकत्र गुंडाळलेल्या, जणू वेटोळ्यांची फीतच. यातली एकेक तार माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक.

वाचकांनी विहिरीवरच्या पंपाचा ओढनळ पाहिला असेल. आत तारेचे वेटोळे घातलेले असते. ते नसेल तर पंप पाणी ओढू लागताच नळ आत चेपून बसेल. देठातली पाण्याची वाहिनी अशीच असते. पाणी वर ओढले जाते तेव्हा तिची पातळ भिंत आत चेपली जाऊ नये म्हणून भिंतीला आतून हा वेटोळा आधार दिलेला असतो. वेटोळाच का? तर देठ अजून वाढत असतो. कळी चिखलातून वर येताना त्याला पाण्याच्या खोलीइतके लांब व्हायचे असते. सलग जाड भिंत असती तर ती ताणली गेली नसती. वेटोळे मात्र ताणता येते. आपण देठ मोडतो तेव्हा पातळ भिंती फाटतात, पण ही वेटोळी उलगडत, लांबत बाहेर येतात. आमच्या कवींनी ज्याच्या नाजूकपणाची एवढी वाखाणणी केली, ती वस्तू मुळात भक्कमपणासाठी तिथे होती! ब्रह्मदेशातल्या इनले सरोवराकाठी बायका हजारो देठ मोडून हे धागे काढतात, पिळतात आणि त्यांचे कापड विणतात. चिनी भाषेत तर म्हणच आहे की कमळकाकडी मोडली तरी धागा तुटत नाही; दुरावलेल्या माणसांबद्दल ती वापरतात.

दाजींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिने माझ्या मनाला थोडा दिलासा मिळाला. सतराव्या शतकात इटलीत मार्सेल्लो माल्पिघी नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. एका मित्राच्या बागेत फिरताना त्याला चेस्टनटच्या झाडाची मोडकी फांदी दिसली आणि तिच्या मोडलेल्या टोकाशी धागे लोंबताना दिसले, असे सांगतात. त्याने ते भिंगाखाली धरले. तीच वेटोळी! वनस्पतींची अंतर्रचना अभ्यासण्याचा नाद त्याला त्या धाग्याने लावला, आणि 1675 ते 1679 या काळात त्याचा वनस्पतिरचनेवरचा ग्रंथ निघाला. पण गंमत अशी की या वेटोळ्यांच्या नळ्या त्याला किड्यांच्या श्वासनळ्यांसारख्या दिसल्या, आणि त्यामुळे झाड त्यांतून श्वास घेते असे तो समजला. चुकले. त्या पाण्याच्या नळ्या होत्या. एवढा मोठा माणूस, पण पाण्याची नळी आणि हवेची नळी यांत घोटाळा करून बसला. आमचा कमळाचा देठ त्याच्या हाती पडला असता तर दोन्ही नळ्या त्याला एकाच वर्तुळात शेजारी शेजारी दिसल्या असत्या.

दुपारी पाण्याच्या कडेला गेलो. उताराच्या जमिनीवर पाणी टेकते तिथे हिरव्या शेपट्यांसारखे काहीतरी डुलत होते. तिकडे अशा सर्वच पाणगवताला शेवाळ म्हणून मोकळे होतात. हे हायड्रिला होते. पाण्यात किती डौलदार दिसत होते! वर काढताच मात्र ओल्या सुतासारखे हाताला चिकटून लोंबले. ताठपणा म्हणून काही नाहीच. पाणी त्याला चहूबाजूंनी तोलून धरते, मग ताठ कण्याची गरज काय?

सुतासारखे खोड नुसते पात्याने कापता येत नाही. ते भेंडात धरून कापावे लागते. भेंड म्हणजे आपले बाशिंगाचे, मुंडावळ्यांचे भेंड. इथे मला नवी माहिती मिळाली. भेंड ही देखील पाणथळीतली वनस्पती, आणि तिचा तो पांढरा, हलका, बोटाने दाबला जाणारा भाग गाभा नसून चक्क लाकूड आहे. पातळ भिंतींच्या पेशींचे लाकूड! साहेब लोकांची उन्हातली 'सोला' टोपीही याचीच. तिच्या नावाचा सूर्याशी संबंध नाही. माझ्या लग्नात मी तासभर डोक्याला पाणवनस्पतीचे लाकूड बांधून बसलो होतो, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळले.

हायड्रिलाचा छेद काचेखाली आला. कडेला एकाच थराची पातळ त्वचा, आणि तीसुद्धा हिरवी. तिच्या आत हवेच्या पोकळ्यांची कंकणे, पोकळ्यांमधल्या भिंती एकेका पेशीच्या. अगदी मध्ये एक छोटा गोल, आणि त्या गोलाच्या मध्यावर पुन्हा एक रिकामे छिद्र. लाल रंग जवळजवळ कुठेच धरला नव्हता.

"लाल वर्तुळं कुठं गेली?" मी विचारले.

"तेच तर बघायचं," दाजी म्हणाले. "सगळ्या अंगाने पाण्यात राहणाऱ्याला पाण्याचा नळ कशाला हवा? पाण्याच्या वाहिनीची जागा ते मधलं छिद्र. अन्न वाहणारा भाग मात्र त्याच्याभोवती शाबूत आहे."

म्हणजे धागा इथे नाहीच. कमळ पानेफुले पाण्यावर काढते, उन्हात धरते. तिथे पाणी उडून जाते, ते खालून वर पोचवावे लागते. म्हणून त्याला वेटोळ्याची वाहिनी हवी. पाण्याबाहेर ज्याला जायचेच नाही त्याने ती टाकून दिली. अठरा वर्षे मी 'देठातील अतिसूक्ष्म धागा' एवढेच सांगत होतो. तो कुठल्या देठात असतो आणि कुठल्यात नसतो, आणि का, हे कळल्यावर त्या शब्दाचा चेहराच माझ्यापुरता बदलला.

हवेच्या नळ्यांबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत नवलाची. आपल्याला वाटते, हवा त्या नळ्यांत नुसती भरलेली असेल. तसे नाही. 1980 साली अमेरिकेत जॉन डेसी या संशोधकाने पिवळ्या कुमुदाच्या एका जातीवर प्रयोग करून दाखविले की या नळ्यांत वारा वाहतो. कोवळी पाने उन्हाने तापली की त्यांच्या आत हवेचा दाब वाढतो. त्यांची छिद्रे इतकी बारीक की ती हवा मागे फिरू शकत नाही. मग ती देठातून खाली चिखलातल्या खोडात उतरते आणि जून पानांच्या देठांतून वर चढून बाहेर पडते. एका पानातून दिवसाला 22 लिटरपर्यंत हवा खाली जाते, असे त्याने मोजले. नव्याने श्वास घ्यायचा आणि जुन्याने सोडायचा! कमळातही असाच वारा असल्याचे पुढे दिसून आले. त्याच्या पानाच्या मध्यावर, देठ जिथे जोडलेला असतो तिथे, एक फिका ठिपका असतो. त्यावर पाणी साचले की त्यातून बुडबुडे निघताना दिसतात. तळ्याकाठी राहणाऱ्यांनी ते पाहिलेही असतील.

संध्याकाळी धरणाच्या काळ्या दगडी भिंतीकडे पाहत दाजी म्हणाले, "हा दगड लाव्ह्याचा. हाच थर पार विदर्भापलीकडे जातो." त्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी त्या काळची तळी गाडली गेली आहेत. नागपूरला लागून, छिंदवाडा जिल्ह्यात, मोहगाव कलान नावाचे गाव आहे. तिथल्या गारगोटीसारख्या दगडात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पाणवनस्पती पेशीन् पेशी शाबूत राहिल्या आहेत. बिरबल साहनींनी त्यांतले तरंगते जलनेचे जगापुढे आणले, आणि नागपूरच्या विज्ञान संस्थेत काम केलेल्या डॉ. श्यामला चितळे यांनी या दगडांच्या अभ्यासात आयुष्यातली कित्येक वर्षे घातली. पुढे त्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात गेल्या. 2013 साली त्यांचे निधन झाले. तो दगड पातळ कापून, घासून काचेखाली ठेवला की त्यातल्या मुळा-खोडांत हवेच्या त्याच पोकळ्या दिसतात. पाणथळीत राहण्याची युक्ती तेव्हाही हीच होती.

सुट्टी संपली. पहिल्या तासाला मी पिशवीतून कमळाचे दोन ताजे लांब देठ काढून टेबलावर ठेवले. वर्गाला वाटले, सरांची पूजा राहून गेली असावी. मी म्हणालो, "श्रावणात या वर्गात एक प्रश्न विचारला गेला. मी त्याचे उत्तर चुकीचे दिले. धागा सालीचा नव्हे. ज्यांनी बरोबर सांगितले त्यांना मी खाली बसविले आणि वर हसलोही. दोन्ही माझ्या चुका." मराठी बोलताना माझी जीभ सहसा अडखळत नाही; त्या दिवशी अडखळली.

मग मी तिला पुढे बोलाविले. ती आली, पण माझ्याकडे पाहिले नाही. देठ उचलला, मोडला, आणि धागा टेबलाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत सावकाश नेला. मागच्या बाकांवरची मुले दिसावे म्हणून उभी राहिली. मी वेटोळ्याचे, पंपाच्या नळाचे, माल्पिघीच्या घोटाळ्याचे सांगितले. तिने सारे ऐकून घेतले.

"अन् सर, हे भोकं?" ती म्हणाली. "आमच्याकडं लहान पोरं याच्यानं खेळतेत."

या वेळी कुणी हसले नाही. तिने माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला, देठाचे एक टोक त्यात बुडवले, दुसऱ्या टोकाला तोंड लावले आणि फुंकले. पेल्यात बुडबुड्यांचा असा काही खळखळाट झाला की पुढच्या बाकांवर पाणी उडाले, आणि "मला द्या, मला द्या" करीत अर्धा वर्ग टेबलाभोवती जमा झाला. शेजारच्या वर्गातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक दारात येऊन उभे राहिले आणि तास कुठल्या विषयाचा चालला आहे, असे त्यांनी विचारले.